शून्य पॉइंट एक व्होल्टची भाऊबीज

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पिशवीच्या तोंडाला टेप असते. इन्व्हर्टरच्या जोडण्यांवर सिलिकॉन, गच्चीवरच्या टाकीच्या फ्लोट स्विचवर सिलिकॉन, दारावरच्या बेलच्या बटणाभोवती सिलिकॉनची इतकी एकसारखी कड, की नवख्या पाहुण्याला ती नक्षी वाटावी. हे सगळं माझं काम. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत मी भिलाईच्या स्टील प्लँटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मापयंत्रांच्या खात्यात आहे. तिथे धूळ कशातही शिरते. एक कनेक्टर उघडा राहिला की त्याचं माप बिघडतं, आणि बिघडलेल्या मापावर भट्टी चालते. म्हणून आम्ही वायर जोडली की झाकतो आणि झाकली की सील करतो. ही सवय संध्याकाळी हेल्मेटबरोबर खुंटीला टांगून घरी यावं, तर तसं मला जमलं नाही.

"एक दिवस मले बी टेप लावशीन तू," बाबा म्हणतात. तेही प्लँटचेच. ब्लास्ट फर्नेसवरून रिटायर झाले आणि तेव्हापासून स्मृती नगरच्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून माझ्या कामावर देखरेख करतात.

त्या वर्षी पावसाळ्यात जवळच्याच कोहका भागातल्या एका सखल रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून मी गाडी काढली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. स्टीअरिंगखालच्या सॉकेटात लावायचं एक छोटं यंत्र मी घेऊन ठेवलेलं होतं. ते गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतं आणि फोनवर आकडे दाखवतं. ते वापरायची वेळच येत नव्हती. आता आली.

यंत्राने सांगितलं: ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट, व्होल्टेज कमी.

हा सेन्सर म्हणजे धुराच्या नळीत खुपसलेलं अंगठ्याएवढं एक नळकांडं. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते तो बघतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. ऑक्सिजन उरला नसेल तर तो शून्य पॉइंट नऊ व्होल्टच्या आसपास दाखवतो, भरपूर उरला असेल तर शून्य पॉइंट एक. चांगला सेन्सर या दोन आकड्यांमध्ये सारखा खाली-वर होत राहतो. माझा शून्य पॉइंट एकच्याही खाली निपचित पडला होता.

बोनेट उघडून सेन्सरचा कनेक्टर सोडवला. आत चिखलाचं पाणी. ते धुतलं, वाळवलं, परत जोडलं. आकडा खाली-वर व्हायला लागला. दिवा गेला.

शहाण्या माणसाने इथे बोनेट बंद करून चहा प्यायला असता. मी सिलिकॉनची ट्यूब आणली. कनेक्टरच्या सांध्यावर, वायरी जिथून आत शिरतात त्या रबरी तोंडावर, सगळीकडे व्यवस्थित थर दिला, वरून प्लँटात वापरतो ती टेप ताणून गुंडाळली, आणि बायकोला बोलावून दाखवलं.

"आता पाण्यात बुडवली तरी काही होणार नाही."

"गाडी पाण्यात कशाला बुडवता?" ती म्हणाली आणि आत गेली. ती नागपूरची. तिला माझ्या कामाचं कौतुक करायला वेळ लागतो. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, अजून वेळ लागतो आहे.

आठवडाभर मी जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. मग दिवा परत लागला.

एरवी हे सगळं मी सवडीने, चवीचवीने केलं असतं. पण दिवाळी जवळ आली होती आणि या दिवाळीत गाडीला एक काम होतं. बाबांना भाऊबीजेला साकोलीला न्यायचं होतं.

साकोलीला बाबांची मोठी बहीण असते, माझी आत्या. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. बाबा भंडाऱ्याकडून इकडे नोकरीला आले तेव्हापासून दर भाऊबीजेला ते तिच्याकडे जात. शिफ्ट बदलून, कुणाच्या हातापाया पडून, पण जात. आदल्या वर्षी मात्र त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. रेल्वेच्या डब्याची पायरी त्यांना चढवेना आणि ते घरी राहिले. त्या संध्याकाळी आत्याने काय केलं ते तिनेच या वर्षी फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"भाऊ नाही आला तं चंद्राले ओवाळलं मी. गच्चीवर चढाले नाही जमत, आंगणातूनच ओवाळलं, तिरपा-तिरपा दिसून राहिला होता. यंदा चंद्र नको मले. तू ये."

ज्या बहिणीला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते गुडघा चोळत बसले. मग मला म्हणाले, "गाडी ठीक आहे नं?"

"एकदम," मी म्हणालो. तेव्हा दिवा विझलेला होता.

आता तो लागला होता, आणि नुसता दिवा नव्हता. सेन्सर कमी व्होल्टेज दाखवतो, म्हणून कॉम्प्युटरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय. मग तो ओततच राहतो. सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, गाडीभोवती कच्च्या पेट्रोलचा वास, आणि सिग्नलला उभी राहिली की इंजिन गचके खाऊन बंद. साकोलीचा रस्ता राजनांदगाव सोडलं की बराचसा जंगलातून जातो. तिथे गुडघे न वाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत बसवून ठेवायला माझं मन धजत नव्हतं.

"टॅक्सी सांगून ठेवू," बायको म्हणाली.

"गाडी दारात असताना?"

"दारातच असते ती. म्हणूनच म्हणते."

मला ते लागलं. वीस टनांच्या भट्टीचा दोष मी दुपारच्या जेवणाआधी काढतो आणि घरच्या गाडीपायी टॅक्सी सांगायची? मी म्हणालो, दोष मी शोधतो. आणि खरंच, इतक्या पद्धतशीरपणे चुकीच्या ठिकाणी शोध घेतलेला माणूस भिलाईत दुसरा नसेल.

सेन्सरच्या आत त्याला तापवायला हीटर असतो. त्याला बॅटरीचा करंट मिळतो का, तर मिळत होता. हीटरचा रोध मोजला: सहा ओहम, चोख. अर्थिंग चोख. सिग्नलची वायर सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत उंदराने कुरतडली आहे का ते पाहायला मी गाडीचं अर्धं पोट उघडलं. वायर नव्यासारखी धड होती. कुठून जास्तीची हवा शिरते का म्हणून इंजिनच्या रबरी पाइपांवर साबणाचं पाणी शिंपडलं. एक बुडबुडा आला नाही.

या मोजमापात बायको ड्रायव्हरच्या सीटवर फोन घेऊन बसायची आणि मी बोनेटमध्ये डोकं खुपसून ओरडायचो.

"किती?"

"शून्य पॉइंट शून्य आठ."

"आता?"

"तेच."

"वायर हलवतोय. आता?"

"आता आत्याबाईंचा फोन आला. विचारून राहिल्या, झाली का गाडी?"

"सांग, होऊन राहिली."

"'होऊन राहिली' म्हणतात हो," तिने फोनवर सांगितलं. मग मला सांगितलं, "त्या म्हणतात, दसऱ्यालाही होऊनच राहिली होती."

व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला, "लेका, तुया प्लँटातली भट्टी खरंच चालते, का तिथंबी होऊनच राहिली हाय?"

आता यातली गंमत लक्षात घ्या, जी माझ्या लक्षात आली नाही. सिग्नल मोजायचा तर मल्टिमीटरची सुई कनेक्टरच्या मागच्या तोंडातून आत घालावी लागते. म्हणजे प्रत्येक वेळी मी आधी माझी टेप सोडवायचो, सिलिकॉन खरवडून काढायचो, आणि मग मोजायचो. सुरुवातीला शून्य पॉइंट शून्य आठ. मी इकडे वायर हलव, तिकडे पिना घास, असं करत राहायचो, आणि हळूहळू आकडा उठून खाली-वर व्हायला लागायचा. मी म्हणायचो, सापडला, कॉन्टॅक्ट ढिला होता. मग पुन्हा ताजं सिलिकॉन, पुन्हा टेप. कोहक्यापर्यंत एक चक्कर. गाडी फुलासारखी. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दिवा.

शेवटी मी नवा सेन्सर आणला. बसवला. आणि नवी महागाची वस्तू म्हणून तिला जुन्यापेक्षा दुप्पट सिलिकॉन लावलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी नव्या सेन्सरवरही दिवा लागला. बाबांनी खुर्चीतूनच काजळीकडे पाहिलं. टोमणा मारला नाही. आत जाऊन त्यांनी आत्याला फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "पाहू बाई. नाही जमलं तं नाही जमलं." स्पीकर या वेळी त्यांनी बंद केला होता.

त्यांचा टोमणा परवडला असता.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको शंकरपाळे तळत होती. तिथे उभं राहून मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. माझी बाजू नेहमीच मोठी असते.

"सगळं मोजलं मी. एकही माप चुकीचं नाही. नवा सेन्सरही तसाच वागतो. उघडून मोजायला गेलं की दोष पळून जातो, आणि बंद करून ठेवलं की परत येतो."

"मग बंद नका करू."

"असं कसं? धूळ जाईल, पाणी जाईल. तुला तो चालतो कसा ते माहीत नाही म्हणून तू असं म्हणतेस." आणि मी झाऱ्याकडे बोट दाखवून शिकवणी सुरू केली. "हे बघ, त्याच्या आत एक चिनीमातीसारखी भिंत असते. भिंतीच्या एका बाजूला धूर. दुसऱ्या बाजूला बाहेरची चांगली हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकं व्होल्टेज. फरक नाही, तर व्होल्टेज नाही. आलं लक्षात?"

"आलं." तिने शंकरपाळे निथळायला ठेवले. "ही बाहेरची चांगली हवा आत जाते कुठून?"

"कुठून म्हणजे? बाहेरून."

"ते कळलं. पण भोक कुठे आहे?"

मी झाऱ्याकडे दाखवलेलं बोट खाली घेतलं. मग मी बाहेर गेलो. काढून ठेवलेला जुना सेन्सर डब्यातून काढला (डब्याला अर्थातच टेप होती) आणि उन्हात धरून फिरवून पाहिला. धुराच्या बाजूला भोकं होती. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत पोलादी अंग, चारी बाजूंनी दाबून बंद केलेलं. वरून चार वायरी रबरी बुचातून निघत होत्या. दुसरं काही नाही. टाचणीएवढंही भोक नाही.

म्हणजे हवा वायरींतूनच जात होती. तारेच्या बारीक केसांच्या मधून, प्लास्टिकच्या नळीच्या आतून, पार कनेक्टरपासून सेन्सरपर्यंत. कनेक्टर हे त्याचं नाक होतं. आणि त्या नाकात मी पावसाळ्यापासून दर थोड्या दिवसांनी ताजं सिलिकॉन भरत होतो. मोजायला गेलो की खरवडायचो, तेवढा वेळ तो बिचारा श्वास घ्यायचा, बरा व्हायचा, आणि तो बरा झाला या आनंदात मी पुन्हा त्याचं नाक बुजवायचो.

कुणाला सांगू नये अशी गोष्ट याच्या पुढे आहे. प्लँटात आमच्या तापवण्याच्या भट्टीवर असाच ऑक्सिजन मापक आहे. आकाराने मोठा, पण तत्त्व तेच. त्याला बाहेरची हवा द्यायला वेगळी पितळी नळी आहे आणि हवा जाते की नाही ते दाखवायला काचेच्या नळीत एक मणी तरंगतो. गेली कित्येक वर्षं मी रोज सकाळी सगळ्यात आधी तो मणी बघतो. नव्या लोकांना शिकवतो, "ही हवा बंद झाली की हा खोटं बोलतो. आधी मणी, मग आकडा." गाडीला मणी नव्हता. मणी दिसला नाही म्हणून मी हवाही विसरलो.

मी आत आलो. बायको पुढचा घाणा सोडत होती.

"सापडलं का भोक?"

"सापडलं."

"कुठे आहे?"

"मी बंद केलं आहे."

ती हसली नाही. तिने झारा खाली ठेवला, गॅस बंद केला, पदराने तोंड झाकलं, आणि मग तिच्या खांद्यांवरून कळलं की ती हसते आहे. बाबांनी बाहेरून विचारलं, "कावून हसून राहिले रे?" तिने जाऊन त्यांना सांगितलं. त्यांचं हसणं शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असणार, कारण शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या त्या आधी 'काय झालं?' म्हणाल्या आणि मग 'शुभ दीपावली'.

नव्या सेन्सरच्या कनेक्टरवरचं सगळं सिलिकॉन मी कण-कण काढलं. कोरड्या कापडाने कनेक्टर पुसला, जोडला, त्याची मूळची क्लिप लावली. क्लिपचा 'टक' आवाज झाला. एवढंच. कारखान्याने त्याला दिलेलं झाकण एवढंच होतं आणि तेवढं पुरेसं होतं. वर काहीच न लावता बोनेट बंद करताना मला जे वाटलं ते दार उघडं टाकून गावाला जाताना माणसाला वाटत असेल. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. दुर्गपर्यंत दोनदा जाऊन आलो. दिवा लागला नाही. पण दोन-तीन दिवस तर तो पूर्वीही लागत नव्हता, त्यामुळे माझ्या शब्दावर घरात कुणी विसंबून नव्हतं. मीसुद्धा.

भाऊबीजेला सकाळी निघताना बायको म्हणाली, "खिसे दाखवा."

"म्हणजे काय?"

"खिसे."

उजव्या खिशात सिलिकॉनची ट्यूब निघाली. ती तिने घरात ठेवली आणि कुलूप लावलं.

राजनांदगावपर्यंत मी रस्ता कमी आणि डॅशबोर्ड जास्त बघत होतो. जंगल लागलं तसे बाबा म्हणाले, "काच उघड." मी म्हणालो, धूळ येईल. "येऊ दे. मले बी नाक हाय." काच उघडली. गाडी चढावर एकदाही अडखळली नाही. बाघनदीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी सायलेन्सरमध्ये बोट फिरवून पाहिलं. बायकोने चहावाल्याला सांगितलं, "यांना आधी हात धुवायला पाणी द्या."

साकोलीला आत्या दारातच खुर्चीवर बसून होती.

"कावून रे भाऊ, एवढा उशीर?"

"याले विचार. गाडीचं नाक बुजवून ठेवलं होतं यानं."

आत पाट मांडलेला होता. बाबांना पाटावर बसता येणार नाही हे ध्यानात येऊन बायकोने तो उचलला आणि तिथे खुर्ची ठेवली. आत्या तबक आणायला वळली. या सगळ्याला पाच मिनिटं लागतील असा मी हिशेब केला. इंजिन इतकं तापलेलं पुन्हा कधी मिळणार नव्हतं. लांबच्या पल्ल्यानंतर लगेच सेन्सर काय दाखवतो हेच खरं माप. मी बाहेर गेलो, इंजिन चालू केलं, फोनवर आकडा पाहिला. बोनेट उघडून कनेक्टरला हात लावून पाहिला. बोट भाजलं. पुन्हा आकडा पाहिला.

परत आत आलो तेव्हा बाबांच्या कपाळाला कुंकू होतं आणि विरळ केसांत अक्षता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," बायको म्हणाली. "आत्याबाईंनी बाबांना ओवाळलं. तुम्ही बोनेटला ओवाळून आले."

इतके दिवस ज्यासाठी जीव टाकला ते मी पाहिलंच नव्हतं. मी भाजलेलं बोट धरून दारात उभा राहिलो. बाबांनी खुर्चीतून मान वळवली.

"किती दाखवून राहिली?"

"शून्य पॉइंट एक ते शून्य पॉइंट आठ. सारखं खाली-वर."

"खाली-वर होते नं? मंग जित्ती हाय."

"कोण रे?" आत्याने विचारलं.

"गाडी."

"मले वाटलं, मी." ती हातातलं तबक खाली ठेवायला निघाली होती, ती थांबली. माझ्याकडे, माझ्या काळ्या हातांकडे तिने पाहिलं. "तुनं पाह्यलं नाही का रे? बरं, थांब. तशीबी मांगच्या सालची एक बाकीच हाय. चंद्राची धरत नाही मी."

निरांजन जळतच होतं. बाबा पुन्हा ताठ बसले. आत्याने तबक पुन्हा धरलं, बायकोने खालून त्याला आधार दिला, आणि ते सावकाश, थोडं वेडंवाकडं फिरत राहिलं. बाहेर मी गाडी चालूच ठेवून आलो होतो. मला तिचा आवाज ऐकू येत होता, एकसारखा. मी जागचा हललो नाही.